लखलखतं, गलका, ढवळणं

बायको, आनारकान, गेली आणि तिच्या मागोमाग घरातला कॉम्प्युटरही गेला, असं नूरोजबाय धरून चालला होता. धनी गेला की घोडा चारा सोडतो, हे त्यानं लहानपणी डोंगरावर पाहिलं होतं. मग एका जुन्या यंत्रानं का सोडू नये?

यंत्र होतंच तसं म्हातारं. सरोवराजवळच्या कराकोल शहरातला, बसस्टँडशेजारचा इंटरनेट क्लब बंद पडला तेव्हा नूरोजबायच्या मुलानं, तिलेकनं, ते भंगारातून उचलून आणलं होतं. परदेशात, नोवोसिबिर्स्कला, गोदामात कामाला जाण्याआधी तिलेकनं खपून ते टीव्हीला जोडलं, त्यात एक प्रोग्राम टाकला, घरातल्या झाडून सगळ्या कॅसेटी आणि डिस्का त्यात उतरवल्या आणि आईच्या हातात एक रिमोट दिला. रिमोटच्या मधोमध हिरवं बटण. ते दाबलं की पडद्यावर निळं मैदान पसरायचं आणि त्यावर सिनेमे, मालिका, घरातली लग्नकार्यं अशी सगळी रांगेनं उभी राहायची. ना कीबोर्ड, ना माउस. भिंतीला टेकून गादीवर बसायचं, एका हातात चहाचा वाडगा, दुसऱ्या हातात रिमोट. आनारकाननं पहिल्याच दिवशी रिमोटला प्लास्टिकची पिशवी चढवली आणि वर रबर लावलं. कराकोलात रिमोट उघडा वापरणाऱ्या माणसाला लोक उधळ्या समजतात.

तिलेकनं बापालाही शिकवायचा प्रयत्न केला होता. "मी जन्मभर झिर्गलानच्या खाणीतला कोळसा ओढलाय," नूरोजबाय म्हणाला होता. "घाटात बर्फावर ट्रक उलटा घेतलाय. तू मला बटणं शिकवणार?" आणि तो शिकला नाही. गरजही नव्हती. "लाव गं ते," म्हटलं की आनारकान लावायची.

त्या रिमोटवर आणखी एक बटण होतं, मागे वळलेल्या बाणाचं. दाबलं की चित्र थोडंसं मागे जायचं, दोन वाक्यांपुरतं. आनारकानला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. मालिकेतली सासू काही पुटपुटली की ही लगेच ते बटण दाबायची. सासू पुन्हा पुटपुटायची. हिला पुन्हा नाही कळायचं. पुन्हा बटण. नूरोजबायचं डोकं सणकायचं.

"अगं, गाडी रिव्हर्समध्ये किती वेळ चालवणार आहेस?"

"तुम्हाला मेलं सारखं पुढंच जायचं असतं," ती म्हणायची. "काय बोलली ते कळल्याशिवाय पुढं जाऊन करायचंय काय?"

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत ती गेली. सकाळी अंगणात टोपली उचलताना खाली बसली ती बसलीच. घरात बायका जमल्या, त्यांनी आरसा झाकला, टीव्ही झाकला. चाळीस दिवस झाले तशी झाकणं निघाली. सोनुन वहिनीनं, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाच्या बायकोनं, टीव्हीवरची आनारकाननं विणलेली पांढरी जाळी धुतली, कडक इस्त्री केली आणि परत होती तिथं पसरली. मग सगळे आपापल्या घरी गेले. घर एवढं मोठं आहे हे नूरोजबायला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

हिवाळा लागला. सकाळी शेगडीतली राख काढायची, कोळसा घालायचा, चहा करायचा, दोन वाडगे काढायचे आणि एक परत ठेवायचा. दुपारी खिडकीतून पॉपलरच्या झाडांवरचे कावळे बघायचे. कावळ्यांचंही आपापसांत काहीतरी चालू असायचं.

अशाच एका दुपारी केटलीचं झाकण उडायला लागलं आणि त्याला आनारकानचं नेहमीचं वाक्य आठवलं: अहो, बघा की जरा ते. शब्द आठवले, आवाज काही आठवेना. त्यानं डोळे मिटले. तिचा चेहरा आला, ओठ हलले, हातातलं फडकंसुद्धा दिसलं, पण ऐकू काहीच आलं नाही. केटली उतू जाऊन शेगडीवर चरचरली तरी तो तसाच उभा होता. एवढा घाबरा तो घाटातही कधी झाला नव्हता. चार-पाच महिन्यांत आवाज पुसला गेला, तर वर्षश्राद्धाच्या जेवणापर्यंत काय उरणार?

फोटो होते, पण फोटो बोलतात थोडेच. लग्नं सोडली तर घरातली सगळी चित्रणं तिनंच केलेली, तिलेकनं पाठवलेल्या छोट्या कॅमेऱ्यावर; कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला की ती आपोआप आत उतरायची. कॅमेऱ्यामागे आनारकान गप्पच राहायची, त्यामुळे ती कशातच नव्हती. फक्त एक त्याला पक्कं आठवत होतं. गेल्या वसंतातला नूरोजचा सण. अंगणात मोठ्या कढईत सुमोलोक शिजत होतं, गव्हाच्या अंकुरांची ती खीर रात्रभर ढवळून सकाळी झाकण काढायचं असतं, आणि तेव्हा शेजारच्या सुनेनं आनारकानच्या हातातून कॅमेरा काढून घेतला होता. "आज तुम्ही बोला, आपा!" आणि आनारकान बोलली होती. काय ते आठवत नव्हतं. पण बोलली होती नक्की, आणि ते त्या निळ्या मैदानात कुठंतरी असणार.

त्यानं रिमोट घेतला आणि हिरवं बटण दाबलं. काही नाही. जोरानं दाबलं. बाजारातून नवे सेल आणून घातले. रिमोट तळहातावर आपटला, शेगडीपाशी ऊब दिली, हळू आवाजात दोन शिव्याही दिल्या. कॉम्प्युटर खाली गुरगुरत होता, टीव्ही काळा तो काळाच. शेवटी त्यानं तिलेकला फोन लावला.

"आके, सेल बदललेत का?" तिलेक बापाला 'आके' म्हणायचा.

"दोनदा बदलले. मशीन मेलंय. तुझ्या आईमागं गेलं."

"मशीन गुरगुरतंय म्हणता ना? मेलेलं गुरगुरतं का? लाल दिवा लागतो का बघा, बटण दाबल्यावर."

"कसला लाल दिवा?"

"टीव्हीवर काळी डबी ठेवलीय ना, काडेपेटीएवढी. रिमोटचा प्रकाश तिच्या डोळ्यात जावा लागतो."

"टीव्हीवर डबी नाही. टीव्हीवर तुझ्या आईची जाळी आहे."

"आके," तिलेक म्हणाला, "त्या जाळीचा डावा कोपरा मुडपलेला असायचा."

असायचा खरा. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तो कोपरा सरळ करायची आणि आनारकान तिची पाठ वळली की पुन्हा मुडपायची. ही बाई एवढी टापटिपीची आणि हा एक कोपरा हिला दिसत नाही का, असं नूरोजबायलाही वाटायचं. आता त्यानं तो उचलला. खाली काळी डबी होती, चाळीस दिवसांच्या झाकणाखाली आणि त्यानंतर इस्त्रीच्या जाळीखाली आंधळी होऊन बसलेली. त्यानं हिरवं बटण दाबलं. लाल ठिणगी चमकली आणि खोलीभर निळा उजेड पडला.

"लागलं का?" तिलेक फोनवर विचारत होता.

"लागलं," नूरोजबाय म्हणाला. "तू कामाला जा."

पण लागणं वेगळं आणि सापडणं वेगळं. चित्रांच्या जागी करडे चौकोन होते, जुन्या यंत्राला तेवढं झेपत नव्हतं. चौकोनांखाली नावं, आणि नावं तरी कसली! 'लखलखतं, पलीकडचा काठ'. 'गलका, लाल गाडीतली नवरी'. 'गलका, पावसातला'. 'लखलखतं, बर्फ असताना'. त्यानं मान हलवली. तुर्की मालिकांची नावं अशीच असतात. कुणी रडत असेल, कुणी गलका करत असेल. आनारकान ते सगळं बघायची.

त्यानं शोधायचं ठरवलं. रिमोटच्या आकड्यांवरच अक्षरं होती, एका अक्षरासाठी तेच बटण दोन-तीनदा दाबायचं. आनारकानची बोटं त्यावरून शेळीच्या खुरांसारखी टकटक चालायची. याचा अंगठा जाड, वर पिशवीचं प्लास्टिक. 'आनारकान' लिहायला त्याचा अर्धा वाडगा चहा निवला. पडद्यानं रशियनमध्ये सांगितलं की काहीही सापडलं नाही.

"तुझ्याच घरात तू नाहीस होय," तो पडद्याला म्हणाला.

मग त्यानं 'नूरोज' लिहिलं. काहीही सापडलं नाही. पुन्हा नीट एकेक अक्षर बघून लिहिलं. काहीही सापडलं नाही. तळ्याकाठच्या सहली असतील म्हणून 'कोल' लिहिलं, लग्नं असतील म्हणून 'तोय' लिहिलं. सरोवराच्या काठावर जन्म काढलेल्या, दर शरदात तीन लग्नं जेवणाऱ्या घरात ना सरोवर सापडलं ना लग्न.

मग अंदाजानं एक चौकोन उघडला. खरंच तुर्की मालिका निघाली. दुसरा उघडला तर पुतण्याचं लग्न, पण लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी चढवलेली. माणसं तोंडं हलवत होती आणि वरून कुणी गवई प्रेमाची आळवणी करत होता. तिसरा उघडणार तेवढ्यात गल्लीची वीज गेली.

वीज आली ती तासाभरानं, आणि यंत्र उठलं ते कण्हत. पडद्यावर पांढरी अक्षरं धावली, आकडे मोजले गेले, आणि पेटीच्या पोटातून एक नवा आवाज यायला लागला. टक. थोडं थांबून टक, टक. नूरोजबायनं इंजिनं ऐकण्यात जन्म घालवला होता. असा आवाज करणाऱ्या गाडीत बसून घाटात जायचं नसतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तरी त्यानं फोन पेटीपाशी धरून तिलेकला तो ऐकवला.

"बंद करा, आके. आत्ताच्या आत्ता. डिस्क चाललीय ती. मी उन्हाळ्यात येतो, तोवर हातच लावू नका. सगळं काढून घेऊ."

"आणि तोवर टिकेल का?"

"चालवलंत तर नाही टिकणार. त्यावर आईचं सगळं आहे. वचन द्या मला."

त्यानं वचन दिलं. आणि मग जे दिवस आले ते आधीच्यांहून वाईट होते. आधी वाटायचं, गेलं ते गेलं. आता ती चार हातांवर पेटीत होती आणि दार उघडलं तर मरणार होती. तो समोर गादीवर बसायचा, रिमोट हातात घ्यायचा, पिशवीवरून अंगठा फिरवायचा आणि खाली ठेवायचा. कोपरा मात्र त्यानं मुडपूनच ठेवला होता.

आठवड्यातून एकदा सोनुन वहिनी यायची. तिचा नवरा, नूरोजबायचा थोरला भाऊ, जाऊन बरीच वर्षं झाली होती; तेव्हापासून ती वरच्या गल्लीत मुलाकडे राहायची आणि तिथल्या सुनेच्या हाताला चव नाही म्हणून स्वतः तळलेले कणकेचे बोरसोक घेऊन खाली यायची. त्या दिवशीही ती आली ती दारातूनच बोलत.

"भावजी, दाढी किती वाढवलीय! बकरा विकायला काढलाय का घरात?" तिनं पिशवी ठेवली, टीव्हीकडे बघितलं आणि सवयीनं तिचा हात जाळीच्या कोपऱ्याकडे गेला.

"हात लावू नको!" नूरोजबाय ओरडला.

वहिनी जागीच थबकली. एवढ्या वर्षांत दिरानं तिच्यावर आवाज चढवला नव्हता. तो खाली बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. केटली, पुसला गेलेला आवाज, आंधळी डबी, न सापडलेला नूरोज, पेटीतली टकटक. वहिनीनं बोरसोकचं फडकं सोडलं, परत बांधलं.

"काय काय नावं आहेत म्हणालात?"

"कसली तरी. लखलखतं. गलका, पावसातला. नुसत्या मालिका."

सोनुन वहिनी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता तिनं पदरासारखा रुमाल तोंडाशी धरला. "अहो भावजी, तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"कोलबाय. आता हे काय मधेच?"

"आणि मग सरोवराला 'कोल' कुठल्या तोंडानं म्हणायचं आम्ही? सासरा म्हणजे सासरा. सासूबाईंच्या घरात मी आणि आनारकान पाण्याला गेलो तर काय म्हणायचो? लखलखत्यावर जाऊन येतो. तुमच्या थोरल्या भावाचं नाव काय? तुम्हीच घ्या, मी अजून घेतलेलं नाही."

"तोयबेक," नूरोजबाय सावकाश म्हणाला. तोय म्हणजे लग्नाची जेवणावळ.

"म्हणून लग्नाला गलका. असतोच की नाही गलका?" ती डोळे पुसत म्हणाली. "मालिका म्हणे! हा आम्हा जावांचा कारभार आहे, बाबा."

त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. बायका नावं घेत नाहीत हे कुठल्या पुरुषाला ठाऊक नसतं? पण ते बोलण्यापुरतं, आणि तेही जुन्या घरात, आईच्या धाकात. शहरातल्या या घरात आल्यावर आनारकान सरोवराकडे नुसती हनुवटी करायची आणि लग्नाला 'तिकडे जायचंय' म्हणायची, आणि तो आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर असायचा. जे तोंडानं पाळलं ते ती बोटानंही पाळत असेल, एकटी बसून रिमोटच्या आकड्यांवर, बघायला कुणी नसताना, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आणि नूरोज?" त्यानं विचारलं. "नूरोज का नाही सापडला?"

वहिनीनं कपाळावर हात मारला. "भावजी, तुम्हाला आईनं काय म्हणून हाक मारली हो? सणाच्या दिवशी जन्मलात म्हणून काय नाव ठेवलं तुमचं?"

आपलंच नाव आडवं आलं होतं.

"एकदाच लावू," वहिनी म्हणाली. "कुठलं उघडायचं ते आता मला कळेल. इकडेतिकडे भटकायचं नाही, थेट दारात. तिलेकला मी सांगते काय सांगायचं ते."

त्यानं यंत्र चालू केलं. टक. निळं मैदान आलं. वहिनी पडद्याजवळ उभी राहून नावं वाचत होती, हा पुढं सरकायचं बटण दाबत होता, आणि ती मधूनच सांगत होती की हे तिच्या थोरल्याच्या मुलीचं लग्न, हे पलीकडच्या काठावर मासे खाल्ले ते. मग ती थांबली. "हे. 'ढवळणं'."

अंगण आलं. कढई आली, वाफ आली, आणि वाफेतून रुमाल मागे सारत आनारकान आली. पिठानं माखलेला हात हलवत ती सरळ त्याच्याकडे बघून बोलायला लागली. पण शेजाऱ्यांनी त्या दिवशी कुंपणावर भोंगा लावला होता. भोंग्यातलं गाणं सगळं अंगण व्यापून उरलं होतं. आनारकानचे ओठ हलत होते, बायका हसत होत्या. नूरोजबायनं आवाज वाढवला, तसं गाणंच वाढलं. त्यानं मागे वळलेल्या बाणाचं बटण दाबलं. ओठ पुन्हा हलले. पुन्हा दाबलं. खाली पेटी टकटकत होती.

"राहू द्या, भावजी," वहिनी हलकेच म्हणाली.

त्यानं ते बंद केलं आणि मागे निळ्या मैदानावर आला. जाड अंगठा पिशवीवरून घसरला आणि पडद्यावरची खूण एक घर जास्त पुढं गेली, रांगेच्या अगदी शेवटी. तिथं एक चौकोन होता, त्याखाली एकच शब्द. 'ते'.

"हे कुणाचं नाव?" त्यानं विचारलं. "'ते' म्हणजे कोण? कोणत्या सासऱ्याचं?"

सोनुन वहिनीनं कोट घातला, रुमाल बांधला, बोरसोकचं फडकं शेल्फवर ठेवलं. दारात बूट चढवताना ती म्हणाली, "ते मी बघायचं नाही. आमच्या ह्यांचं असं कुणी काढून ठेवलं असतं, तर मीही कुणाला दाखवलं नसतं." आणि दार ओढून घेऊन गेली. बर्फावरून तिची पावलं वाजत गल्लीत विरली.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. चाळीसहून जास्त वर्षं तो बायकोच्या तोंडी 'ते' होता. ते आले का. ते जेवले. त्यांना विचारते.

त्यानं 'ते' उघडलं. आत तो होता. अंगणात ट्रकचं चाक काढून बसलेला, पाठमोरा. सफरचंदाच्या झाडावर चढून बायकोला सूचना देणारा. टोपी शोधणारा, टोपी डोक्यावरच असताना. एकाही चित्रात त्यानं कॅमेऱ्याकडे बघितलं नव्हतं, कारण ती काढते आहे हे त्याला कधी कळलंच नव्हतं. आणि कॅमेऱ्यामागे ती गप्प होती. फक्त कॅमेरा मधूनच हलायचा. ती हसू दाबत असणार. यंत्र आता प्रत्येक चित्राआधी बराच वेळ टकटकायचं. एक उरलं होतं. तेवढं बघून बंद करायचं, त्यानं ठरवलं.

शेवटच्यात तो झोपला होता. हीच गादी, हीच भिंत, तोंड उघडं, घोरणं चालू, छातीवर टोपी. खिडकीतून दुपारचं ऊन. बराच वेळ काही झालं नाही. मग अगदी जवळून, कॅमेऱ्याला तोंड लागल्यासारखी, आनारकान कुजबुजली.

"सासूबाई म्हणायच्या, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. आता सासूबाई नाहीत. बघू तरी."

हाच तो आवाज. थोडा बसका, शेवटी वर जाणारा. नूरोजबायचे डोळे भरून वाहायला लागले आणि त्यानं ते पुसले नाहीत, कारण हातात रिमोट होता.

"नूरोजबाय," ती म्हणाली.

पडद्यावरचा म्हातारा घोरत होता.

ती थांबली, वाट बघत. मग थोडी मोठ्यानं, जिभेवर सवय नसलेल्या शब्दाची चव घेत: "नूरोजबाय. ऊठ की रे. चहा निवतोय."

'उठा' नाही, 'ऊठ'. अशी ती एकदाही बोलली नव्हती. अशी त्याला हाक मारणारी माणसं कधीच मातीत गेली होती. पडद्यावरच्यानं कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागला. कॅमेरा हलला, ती हसत होती. "बघा," ती स्वतःशीच पुटपुटली, नेहमीच्या स्वरात परत येत, "हाक मारली तर ह्यांना ऐकू येत नाही, आणि बहिरी म्हणे मी." आणि चित्र संपायच्या बेतात आलं.

त्यानं ते तिथंच थांबवलं. पेटी टकटकत होती, आता जवळजवळ न थांबता. बंद करायला हवं होतं. तिलेकला वचन दिलं होतं, आणि उन्हाळा अजून फार लांब होता. हे त्याला सगळं कळत होतं. पण बायकोनं आयुष्यात एकदा नावानं हाक मारली आणि आपण घोरत पडलो होतो, हे एवढं तसंच ठेवून त्याला उन्हाळ्यापर्यंत पोचता आलं नसतं.

एकदाच, त्यानं पेटीला सांगितलं. मग बंद करतो, खरंच.

तो गादीवर ताठ बसला. बाहीनं तोंड पुसलं, टोपी नीट घातली, घसा साफ केला. मग अंगठा त्या मागे वळलेल्या बाणावर ठेवला आणि दाबला.

"नूरोजबाय," ती म्हणाली.

"ओ," तो म्हणाला.